‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’: चार शब्दांचे एक वाक्य मुलांसोबत तपासताना

चारच शब्दांचे वाक्य, पण अडखळायला तीन जागा. ‘शोध’ म्हणावे, तर त्या भूमीवर किमान १५ हजार वर्षे माणसे राहत होती. ‘अमेरिका’ म्हणावे, तर १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस उतरला तो बहामातल्या एका छोट्या बेटावर. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवर त्याचे पाऊल कधीच पडले नाही, आणि ‘अमेरिका’ हे नाव नकाशावर आले १५०७ मध्ये, म्हणजे तो वारल्यानंतर. ‘कोलंबसाने’ म्हणावे, तर युरोपातून येणाऱ्यांतही तो पहिला नव्हे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर उत्तर युरोपातल्या नॉर्स खलाशांची वस्ती उत्खननात सापडली आहे, आणि तिथले लाकूड इ. स. १०२१ मध्ये तोडलेले होते हे झाडाच्या वलयांवरून सिद्ध झाले आहे.

एवढे फळ्यावर लिहिले की काम झाले असे वाटते. तसे होत नाही. मुलांनी एक पाठ केलेली गोष्ट टाकून दुसरी पाठ केलेली असते, इतकेच. काल कोलंबस शूर होता, आज दुष्ट आहे; दोन्ही वेळा मुले शिक्षकांच्या तोंडाकडे बघूनच उत्तर देतात. खरे शिकवायचे ते वेगळे आहे: इतिहासातले वाक्य हातात घेऊन ‘हे कुणी सांगितले, कशावरून, आणि यात कोण दिसत नाही’ हे विचारायची सवय. त्यासाठी ४० मिनिटांचे पाच तास पुरतात. घरी करायचे असेल तर पाच संध्याकाळी.

पहिल्या तासाला कोलंबस नको

हा नियम जरा विचित्र वाटेल, पण बाकी सगळे त्यावर उभे आहे. मूळनिवासी लोक धड्यात येतात तेच मुळी जहाज किनाऱ्याला लागल्यावर. मग मुलांच्या मनात त्यांचे एकच काम उरते: भेटणे, भुलणे आणि मरणे. म्हणून पहिला पूर्ण तास ताइनो लोकांचा. हिस्पानिओला (आजचे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक), क्यूबा, प्वेर्तो रिको, जमैका इथे ताइनो राहत. बहामातल्या त्यांच्या शाखेला लुकायन म्हणतात.

सांगायचे काय? ‘निसर्गाच्या जवळ राहणारी साधीभोळी माणसे’ असले काही नको. ते लोक करत काय होते ते सांगा. त्यांचे मुख्य अन्न कसावा, म्हणजे एक कंद. त्याच्या कडू जातीत सायनाइड तयार करणारे विष असते. ताइनो तो कंद खडबडीत किसणीवर किसत, कीस विणलेल्या लांब नळीत भरून पिळत, विषारी रस काढून टाकत आणि उरलेल्या पिठाची पातळ भाकरी मोठ्या मातीच्या तव्यावर भाजत. ही भाकरी महिनोन् महिने टिकते. पुढे स्पॅनिश जहाजांनीही शिधा म्हणून तीच नेली. शेतीसाठी ते मातीचे ढीग रचत. त्यामुळे पाणी निचरून जाई, मुळे कुजत नसत आणि कंद काढायला सोपे जात. गावातल्या मोकळ्या चौकात रबरी चेंडूचा खेळ चाले. युरोपातल्या लोकांनी तोवर रबर पाहिलेलेच नव्हते. एकाच खोडातून कोरलेल्या होड्यांत ४०-४५ माणसे बसत, असे खुद्द कोलंबसाच्या रोजनिशीत आहे.

शेवटची दहा मिनिटे शब्दांसाठी ठेवा. ‘हॅमक’, ‘कनू’, ‘हरिकेन’, ‘बार्बेक्यू’ हे शब्द ताइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेले. आणि एक शब्द मुलांच्या तोंडात रोज असतो: बटाटा. ताइनो रताळ्याला ‘बताता’ म्हणत. पोर्तुगिजांनी तो शब्द आपल्याकडे आणला आणि आपण तो दुसऱ्याच कंदाला चिकटवला. जे लोक ‘नामशेष झाले’ असे पुस्तक सांगते, त्यांचा शब्द आपण रोज उच्चारतो, ही गोष्ट मुले सहसा विसरत नाहीत.

कर्ता शोधा

दुसऱ्या तासाला इतिहासाऐवजी व्याकरणाची वही काढायला लावा. मराठी मुलांना कर्ता, कर्म आणि प्रयोग शिकवलेले असतात. ते ज्ञान परीक्षेबाहेर क्वचितच कामाला येते, इथे येते.

फळ्यावर पाच वाक्ये लिहा:

‘१४९२ मध्ये नवे जग सापडले.’
‘बेटावर वसाहत स्थापन झाली.’
‘सोने गोळा करण्यात आले.’
‘मूळनिवाशांची संख्या घटली.’
‘अनेकांना स्पेनला नेण्यात आले.’

प्रत्येक वाक्यात क्रियापदाखाली रेघ मारायची आणि ‘हे कुणी केले?’ असे विचारून कर्ता लिहायचा. पाचही वाक्यांत करणारा गायब आहे हे दहा वर्षांचे मूलही दोन मिनिटांत ओळखते. ‘करण्यात आले’ ही सरकारी नोटिशीची लाडकी रचना आहे. तिचा उपयोगच मुळी करणाऱ्याला पडद्याआड ठेवण्यासाठी होतो.

मग दुसरी फेरी. ‘कुणाला?’ हा प्रश्न. नवे जग सापडले, पण नवे कुणाला? अज्ञात प्रदेश होता, पण कुणाला अज्ञात? रिकाम्या जागी ‘युरोपातल्या लोकांना’ हे दोन शब्द घातले की वाक्य खोटे राहत नाही, फक्त लहान होते. मुलांना हे लक्षात आणून द्या, कारण जुने पुस्तक फेकून द्यायचे नाही, त्यातल्या वाक्यांच्या कडा नीट कापायच्या आहेत.

इथे एक चूक हमखास होते. उत्साहाच्या भरात मुले सगळीकडे एकच कर्ता बसवतात: ‘कोलंबसाने सगळ्यांना मारले.’ ते खरे नाही. काही माणसे हल्ल्यांत मेली, काही खाणींत, काही उपासमारीने, काही साथींत. काही गोष्टी कोलंबसाने केल्या, काही त्याच्यानंतरच्या गव्हर्नरांनी, काही जमीन आणि मजूर वाटून घेतलेल्या वसाहतवाल्यांनी. कर्ता माहीत नसेल तर वहीत प्रश्नचिन्ह काढायचे. प्रश्नचिन्हाला पूर्ण गुण.

नकलेची नक्कल: रोजनिशी कशी वाचायची

तिसरा तास मूळ साधनांचा, आणि तो घाईने उरकू नये. अकरा वर्षांखालच्या मुलांसाठी तो गाळला तरी चालेल. चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला आठ-दहा ओळींपेक्षा मोठा उतारा देऊ नका. पूर्ण पान दिले की मुले वाचतात, पण तपासत नाहीत.

पहिला उतारा रोजनिशीतला, १२ आणि १४ ऑक्टोबर १४९२ च्या नोंदींचा. पहिल्या दिवशीच्या नोंदीत आशय असा आहे की हे लोक देखणे आहेत, त्यांच्याजवळ लोखंडी शस्त्रे नाहीत, ते चांगले चाकर होतील आणि सहजपणे ख्रिस्ती होतील; परतताना त्यांच्यापैकी सहा जणांना भाषा शिकवण्यासाठी बरोबर न्यावे. दोनच दिवसांनी म्हटले आहे की पन्नास माणसांच्या बळावर या सगळ्यांना ताब्यात ठेवून हवे ते करून घेता येईल.

आता मुलांना सांगा की ही रोजनिशी मूळ स्वरूपात आज उपलब्ध नाही. मूळ हरवली, तिची नक्कलही हरवली. आपल्या हाती आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने नकलेवरून केलेला संक्षेप. तो छापला गेला १८२५ मध्ये. हा लास कासास कोण? १५०२ मध्ये तो हिस्पानिओलात आला, त्याच्याकडेही मूळनिवासी मजूर राबत होते. १५१४ मध्ये त्याने ते सोडले आणि उरलेले आयुष्य या अत्याचारांविरुद्ध लिहिण्यात घालवले. मजूर कमी पडतात तर आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असे त्यानेच एकदा सुचवले होते आणि पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

म्हणजे चांगला साक्षीदारही स्वच्छ नाही. मुलांना हे पचते. अडचण बहुधा मोठ्यांना होते.

दुसरा उतारा १४९३ च्या पत्राचा. परतीच्या वाटेवर लिहिलेले हे पत्र त्याच वर्षी बार्सेलोनात छापले गेले आणि युरोपभर पसरले. त्यात कोलंबस राजा-राणीला लागेल तितके सोने आणि मागतील तितके गुलाम देऊ करतो. त्यात नसलेली गोष्ट जास्त बोलकी आहे: नाताळच्या रात्री ‘सांता मारिया’ हे त्याचे मुख्य जहाज फुटले, हे पत्रात नाही. रोजनिशीत मात्र आहे, आणि ग्वाकानागारी या ताइनो प्रमुखाने आपली माणसे व होड्या पाठवून जहाजावरचा माल उतरवून दिला, एक वस्तू हरवू दिली नाही, हेही आहे.

दोन्ही उतारे शेजारी ठेवून गटाला पाच प्रश्न द्या. हे कुणी लिहिले? कुणासाठी लिहिले? वाचणाऱ्याने काय करावे अशी त्याची इच्छा होती? एकात असून दुसऱ्यात नसलेली गोष्ट कोणती? या प्रसंगी हजर असूनही ज्याचे म्हणणे कुठेच नाही, असे कोण? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळाले की वर्गात गलका होतो. पुढच्या मोहिमेसाठी पैसे मागणारा माणूस जहाज बुडवल्याचे कशाला सांगेल? हे तर्कट मुलांना कुणी शिकवावे लागत नाही; प्रगतिपुस्तक दाखवताना ती स्वतःच ते वापरतात.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘ताइनो’ असेच येते, आणि मग पुढचा प्रश्न येतो: त्यांनी लिहिले का नाही? त्यांच्याकडे आपल्यासारखी लिपी नव्हती. म्हणून ‘त्यांचा इतिहासच नाही’ या निष्कर्षावर वर्ग घसरतो. तिथे थांबवा. दगडावर कोरलेल्या आकृत्या, उत्खननातली भांडी, खेळाचे चौक, शब्द, पिके आणि आज स्वतःला ताइनो म्हणवणाऱ्या लोकांच्या घरातली परंपरा, ही सगळी साधनेच आहेत. फक्त ती वाचायची रीत निराळी.

आकडे: ‘रोगराईने मेले’ एवढ्याने भागत नाही

चौथा तास तेरा वर्षांपुढच्यांसाठी. १४९२ मध्ये हिस्पानिओलात किती लोक होते यावर इतिहासकारांचे अंदाज एक-दोन लाखांपासून दहा लाखांच्याही पुढे जातात. लास कासास तर तीस लाख म्हणतो. मुलांना एकच आकडा देऊ नका, पट्टा द्या. नंतरचे आकडे जास्त भक्कम आहेत, कारण ते मजूर मोजणाऱ्यांनी नोंदवले: १५०८ च्या सुमारास ६० हजार, १५१४ च्या वाटपात सुमारे २६ हजार.

आता देवीची साथ. ती हिस्पानिओलात पोहोचली १५१८ च्या अखेरीस. तारखा एका रेषेवर मांडायला सांगा आणि गप्प बसा. देवीचा रोग येण्याआधीच माणसे इतकी कमी कशी झाली, हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा. दुसरे काही रोग आधी आले असण्याची शक्यता आहे, ती लपवू नका. पण त्याच्या जोडीला हेही ठेवा: कोलंबसाच्या कारभारात चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायाला बांधतात त्या घुंगराएवढे भरून सोने द्यायचे, आणि सोने नसलेल्या भागात सुमारे साडेअकरा किलो कापूस. नद्यांच्या रेतीत तेवढे सोने नव्हतेच. लोक शेते टाकून सोने धुंडाळू लागले किंवा डोंगरात पळाले. कसावाची लागवड मोडली, उपासमार आली, आणि उपाशी माणसाला रोग लवकर मारतो. १४९५ मध्ये सुमारे ५०० जणांना विकण्यासाठी जहाजांत भरून स्पेनला पाठवले. त्यांपैकी २०० च्या आसपास वाटेतच मेले. हिस्पानिओलात मजूर उरेनात तेव्हा बहामातून लुकायन लोकांना पकडून आणले गेले. कोलंबसाचे स्वागत करणारी बेटे पंचवीस-तीस वर्षांत जवळजवळ ओस पडली.

‘रोगाने मेले’ आणि ‘मारले’ या दोन खोक्यांत हे सगळे बसत नाही, हे मुलांना दिसले की तास सार्थकी लागला. छळाची चित्रे आणि रक्ताची वर्णने मात्र दाखवू नका. ती पाहून मुले सुन्न होतात किंवा चेकाळतात. दोन्ही अवस्थांत विचार बंद पडतो.

‘त्या काळी सगळे असेच होते’

हा आक्षेप येणारच, बहुधा एखाद्या पालकाकडून. त्याला उत्तर त्या काळातूनच द्यायचे. २१ डिसेंबर १५११ रोजी सान्तो डोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनिओ दे मोन्तेसिनोस या धर्मगुरूने स्पॅनिश वसाहतवाल्यांना तोंडावर विचारले, ही माणसे नाहीत काय? ऐकणारे खवळले, राजाकडे तक्रार गेली. १५०० मध्ये तर खुद्द कोलंबसाला राजाच्या अधिकाऱ्याने बेड्या घालून स्पेनला परत पाठवले होते. त्याच्या कारभारावर वसाहतीतल्या स्पॅनिश लोकांच्याही तक्रारी होत्या. आणि ‘सगळे’ म्हणताना ताइनोंना मोजले का, हे विचारायला विसरू नका. त्यांना हे त्या काळीही चालत नव्हतेच. पहिल्या सफरीत मागे ठेवलेली ३९ माणसे आणि त्यांचा तळ पुढच्या वर्षी परतल्यावर कोलंबसाला नष्ट झालेला आढळला.

जाता जाता एका भाकडकथेचा निकाल लावा. लोकांना पृथ्वी सपाट वाटत होती आणि कोलंबसाने ती गोल असल्याचे दाखवले, हे खोटे. शिकलेल्या युरोपियनांना पृथ्वी गोल आहे हे त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून ठाऊक होते. वाद आकाराचा होता आणि त्यात कोलंबस चुकला: कॅनरी बेटांपासून जपान साधारण साडेचार हजार किलोमीटरवर असेल असा त्याचा हिशेब, प्रत्यक्षात ते अंतर १९ हजारांहून अधिक. मध्ये एक खंड आडवा आला म्हणून तो वाचला. सपाट पृथ्वीची गोष्ट लोकप्रिय केली ती १८२८ च्या एका रंगतदार चरित्राने.

मग त्याला एवढे मोठे कुणी केले? मोठ्या मुलांसाठी हा धागा सोडू नये. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने ११ इटालियन स्थलांतरितांना ठार मारले. त्यानंतरच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे झाल्याचा देशभर सोहळा जाहीर केला. छळल्या जाणाऱ्या इटालियन लोकांना ‘आम्हीही इथलेच’ म्हणायला एक थोर पुरुष हवा होता, आणि जेनोवाचा कोलंबस हाताशी होता. म्हणजे पुतळा उभारणाऱ्यांचेही एक दुखणे होते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्याच बर्कली शहराने कोलंबसाच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या दिवशी मूळनिवासी लोकांचा दिवस पाळायला सुरुवात केली, नंतर अनेक शहरांनी व राज्यांनी. कोणता दिवस योग्य हे वर्गात ठरवू नका. दोन्ही बाजूंना त्या दिवसातून काय हवे होते ते लिहून घ्या.

जिथे नीट चाललेला तास बिघडतो

अर्धा वर्ग स्पॅनिश, अर्धा वर्ग ताइनो, आणि ‘स्पॅनिश’ मुलांनी दुसऱ्यांची दप्तरे हिसकावायची, असला प्रयोग करू नका. हिसकावणाऱ्यांना मजा येते, ज्यांचे जाते त्यातले एखादे मूल खरेच दुखावते, आणि वीस मिनिटांत दप्तर परत मिळते, म्हणून गुलामगिरी म्हणजे एक खेळ असा समज घट्ट होतो.

पिसांचे मुकुट आणि तंबूही नकोत. गरुडपिसांचा तो लांब शिरपेच उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या लाकोटांसारख्या काही समाजांचा; त्यातले एकेक पीस कर्तृत्वाने मिळवायचे असते. ताइनो गवताने शाकारलेल्या गोल घरांत राहत. एकाच पोशाखात दोन खंड कोंबण्याची ही सवय शब्दांतही आहे. ‘रेड इंडियन’ हा शब्द मराठी पुस्तकांत अजून भेटतो. तो कातडीच्या रंगावरून आणि कोलंबसाच्या भौगोलिक घोटाळ्यावरून बनलेला आहे. शक्य तिथे त्या त्या समाजाचे नाव वापरा: ताइनो, नावाहो, चेरोकी. सगळ्यांबद्दल एकत्र बोलायचेच असेल तर मूळनिवासी. ‘एस्किमो’च्या जागी इन्युइट.

सगळ्यात चिवट चूक भूतकाळाची. ‘ते लोक मक्याची शेती करत, ते बासरी वाजवत.’ आज अमेरिकेत केंद्र सरकारची मान्यता असलेली मूळनिवासी राष्ट्रे ५७० हून अधिक आहेत. त्यांची स्वतःची सरकारे आणि न्यायालये आहेत. लगूना प्वेब्लो समाजातल्या डेब हालांड २०२१ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री झाल्या, आणि मूळनिवाशांशी संबंधित कारभार त्याच खात्याकडे असतो. प्वेर्तो रिकोत झालेल्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक लोकांचा आईकडून येणारा डीएनए मूळनिवासी स्त्रियांपर्यंत पोहोचतो. म्हणून पाचव्या तासाला मुलांकडून दहा वाक्ये लिहून घ्या. त्यातली पाच वर्तमानकाळातच हवीत, अशी अट घाला. मुले अडकतात. अडकली की शोधायला लागतात.

गुण देताना दोन उत्तरे समोर ठेवून बघा. एक: ‘कोलंबस वाईट होता, त्याने निष्पाप ताइनोंना संपवले.’ दुसरे: ‘१४९२ मध्ये कोलंबस ग्वानाहानी बेटावर पोहोचला. ते नेमके कोणते बेट यावर अजून वाद आहे. तिथल्या लुकायन लोकांना तो माहीत नव्हता आणि त्याला ते. त्याने काय लिहिले ते आपल्याला लास कासासच्या संक्षेपातून कळते. लुकायनांना काय वाटले ते कुणी लिहून ठेवले नाही.’ पहिल्या उत्तरात तळमळ आहे, ती खोडू नका, बाजूला ‘कशावरून?’ एवढेच लिहून वही परत द्या.